वर्गातील पंक्तिभेद

पंक्तिभेद हा शब्द आपल्याकडे जेवणाच्या पंगतीपुरता राहिला आहे. सर्वांस एकाच मांडवाखाली बसवावे, सर्वांपुढे सारखीच पत्रावळ मांडावी, आणि वाढप्याने मात्र तुपाची धार कोणाच्या भातावर किती वेळ धरावयाची हे त्याचे तोंड पाहून ठरवावे, ह्यास पंक्तिभेद म्हणतात. ज्यास दारातूनच परत लावले त्याच्या बाबतीत हा दोष घडत नाही. तो घडावयास मनुष्य पंगतीत बसलेला असावा लागतो. शाळेच्या वर्गास हाच शब्द लावून पाहावा असे मला गेली कित्येक वर्षे वाटत आले आहे, आणि तसे वाटावयास मराठीतील काही आत्मकथने कारण झाली आहेत. ह्या आत्मकथनांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यांतील शाळेची प्रकरणे बहुधा दुःखाचे दाखले म्हणून वाचली गेली. वाचकाने हळहळावे, लेखकाच्या चिकाटीची वाखाणणी करावी आणि पुढच्या प्रकरणाकडे वळावे, असाच आपला परिपाठ आहे. चार भिंतींच्या आत कोण बोलतो, कोणास विचारले जाते आणि कोणाचे उत्तर ऐकले जाते, ह्याचे इतके बारीक निरीक्षण मराठी गद्यात इतरत्र क्वचितच सापडते, ही गोष्ट मात्र आपल्या नजरेतून सुटली.

दाराचा इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून तो विस्ताराने सांगत नाही. इ. स. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि मुंबई सरकारने त्याची बाजू न्यायाची असल्याचे मान्य करूनही त्यास नकार दिला. शाहू छत्रपतींनी १९१९ साली आपल्या संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळांत घेवविली. १९२३ साली सी. के. बोले ह्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात मांडलेल्या ठरावात सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर शाळांचाही समावेश होता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. त्या तरतुदीस महाराष्ट्र सरकारने २०२४ साली घातलेली मुरड उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली. म्हणजे दाराशी चाललेला झगडा अद्यापि मिटलेला नाही. तथापि जो आत आला त्याचे पुढे काय होते, हा निराळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर सरकारी ठरावांत मिळत नाही. ते पुस्तकांत मिळते.

डॉ. आंबेडकरांनी १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत काही आठवणी लिहून ठेवल्या होत्या. त्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या नावाने १९९० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांतील साताऱ्याच्या शाळेचे तरट सर्वांस ठाऊक आहे. ते घरून न्यावयाचे, सायंकाळी परत आणावयाचे. कारण शाळा झाडणारा नोकरही त्यास हात लावीत नसे. परंतु ह्याच मजकुरात एक गोष्ट ते जाता जाता सांगतात, ती माझ्या मते तरटाहून अधिक बोलकी आहे. वर्गातील आपल्या नंबराप्रमाणे आपणांस बसता येत नसे, असे ते म्हणतात. शाळेने हुशारीचे एक माप स्वतःच ठरविले होते, त्या मापाने मुलांच्या जागा लावावयाच्या होत्या, आणि एका मुलापाशी येताच ते माप बाजूस ठेवले गेले. गुण मोजले जात होते. त्यांचे मोल मात्र मिळत नव्हते. शाळेने आपलाच नियम मोडला होता, आणि तो मोडला आहे असे त्या शाळेत कोणास वाटलेही नसावे.

दुसरा प्रसंग मुंबईचा. तो धनंजय कीरांनी चरित्रात दिला आहे. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी भीमरावांस एक उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले. त्यासरशी वर्गात एकच गलका झाला. मुलांचे फराळाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीमरावांचा हात फळ्यास लागण्यापूर्वी मुले धावली आणि त्यांनी ते डबे भराभर दूर केले. आपण हा प्रसंग मुलांच्या क्रूरपणाचा म्हणून सांगतो. मला त्यातील शिक्षकाविषयी अधिक कुतूहल आहे. त्यांनी तर योग्य तेच केले होते: ज्यास उदाहरण येईल असे वाटले त्यास बोलाविले. त्यांच्या मनात भेद नव्हता असे आपण धरून चालू. तरीही फळा सर्वांचा नव्हता. तो सर्वांचा आहे असे शिक्षक समजत होते, आणि नाही हे मुलांस ठाऊक होते. पुढील शंभर वर्षांतील कित्येक सज्जन शिक्षकांची स्थिती ह्याहून फारशी निराळी नाही, असे मी म्हणालो तर माझे व्यवसायबंधू रागावतील. परंतु मी स्वतःस वगळून बोलत नाही, हे पुढे दिसेलच.

आता शरणकुमार लिंबाळे ह्यांच्या ‘अक्करमाशी’कडे वळू. हे पुस्तक १९८४ साली आले. त्याच्या आरंभीच शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. वरच्या जातींची मुले एका झाडाखाली, महारांची मुले दुसऱ्या झाडाखाली. एकीकडे नाना पदार्थ, दुसरीकडे कोरडी भाकर. आणि जेवणे आटोपल्यावर उरलेसुरले अन्न ह्या मुलांच्या पदरी. इथवर हा शब्दशः पंगतीचाच भेद आहे, आणि टीकाकारांनी त्याची दखल घेतलीही आहे. खरा घाव दुसऱ्या दिवशीचा आहे. गुरुजी वर्गात येतात आणि सर्व मुलांस सहलीवर निबंध लिहावयास सांगतात. विषय एक, पाटी सर्वांची सारखी, वेळही सारखा. आणि ह्या मुलास लिहिता येत नाही. लिहिणे येत नाही असे नव्हे. जे घडले ते लिहावे असा तो विषयच नव्हता. ‘आमची सहल’ ह्या निबंधात झाडाची गर्द सावली यावी, आईने दिलेल्या लाडवांची चव यावी आणि मित्रांचे खेळ यावेत, अशी अपेक्षा असते. उष्टे अन्न बांधून नेणाऱ्या मुलाने त्या निबंधात काय लिहावे? तो गप्प राहतो आणि गुरुजींची शिवी खातो.

साहित्याच्या दृष्टीने ह्या प्रसंगाचे महत्त्व मला असे वाटते की, सारे पुस्तकच त्या न लिहिलेल्या निबंधाच्या जागी आले आहे. ज्या अनुभवास वर्गाच्या भाषेत स्थान नव्हते तो पुढे पुस्तकाच्या भाषेत आला, आणि येताना त्याने शाळकरी निबंधाचे सर्व संकेत मोडून टाकले. ‘अक्करमाशी’ची तुटक, धापा टाकीत आल्यासारखी वाक्ये पुष्कळांस ओबडधोबड वाटली. त्या वाक्यांचे मूळ शोधावयाचे तर ह्याच वर्गात शोधावे लागेल. अर्थात पुस्तक सर्वत्र ह्या उंचीवर राहत नाही. जन्माच्या प्रश्नाभोवती घिरट्या घालताना लेखक प्रश्नामागून प्रश्न विचारीत सुटतो, आणि प्रसंगाने जे काम केलेले असते ते प्रश्नांनी सैल होते. सहलीचे प्रकरण ह्या दोषापासून मुक्त आहे, म्हणूनच ते लक्षात राहते.

मुलींच्या वाट्यास वर्गात काय येई, ह्यासाठी ऊर्मिला पवार ह्यांचे ‘आयदान’ (२००३) पाहावे. शाळेतील शेण काढण्याचे काम आपल्याकडे का येते, हा प्रश्न त्या मुलीस वर्गात विचारता येत नाही. ती मार खाते. तो प्रश्न तिची आई विचारते, आणि शाळेत जाऊन नव्हे, तर आपल्या अंगणाशी, आयदाने विणीत बसली असता, रस्त्याने जाणाऱ्या गुरुजींस थांबवून विचारते. आईस शब्द सुचतात, कारण ती तेथे स्वतःच्या कामाच्या जागी बसलेली आहे.

कुमुद पावडे ह्यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) आम्हां वैदर्भीयांच्या जवळचे. नागपूरच्या एका दलित मुलीने संस्कृत शिकावे, त्यात प्राविण्य मिळवावे आणि पुढे अमरावतीस ते शिकवावे, अशी ही हकीकत आहे. येथे नकार देणारे गुरुजी नाहीत; उलट जुन्या वळणाचे, कर्मठ दिसणारे शिक्षकच तिला मनापासून शिकवितात, आणि लेखिकेने त्यांचे चित्र कृतज्ञतेने काढले आहे. पंक्तिभेद येथे स्तुतीच्या रूपाने येतो. सभा-संमेलनांत तिचे कौतुक होते, पण ते तिच्या व्यासंगाचे नसते. ‘हिला संस्कृत येते!’ ह्या आश्चर्याचे असते. बोलक्या पक्ष्याचे करावे तसे ते कौतुक. ही गोष्ट लेखिकेने ज्या थंड उपरोधाने मांडली आहे, तिला मराठी निबंधवाङ्मयात फार थोड्या जोडी सापडतील. आणि शेवट तर त्याहून तिखट आहे: पदवी हाती असूनही नोकरी मिळत नव्हती ती विवाहानंतर, आडनाव बदलल्यावर मिळाली, तेव्हा तिचे श्रेय कोणाचे, असा हिशेब ती स्वतःच मांडते.

माधव कोंडविलकर ह्यांच्या ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’ (१९७९) ह्या रोजनिशीत तर खुर्चीवर बसलेला शिक्षकच खालच्या मानलेल्या जातीचा आहे. खुर्ची उंच असून भागत नाही, एवढेच तिच्यावरून येथे नोंदवितो; त्या पुस्तकास स्वतंत्र लेख हवा.

ह्या पुस्तकांशेजारी आपल्या लाडक्या शिक्षकचित्रांची दुसरी परंपरा ठेवून पाहण्यासारखी आहे. पु. ल. देशपांड्यांचे चितळे मास्तर कोणास प्रिय नाहीत? मलाही ते प्रिय आहेत. परंतु त्या वर्गात दाराशी बसलेला मुलगा कोणी आहे काय, हे मी एकदा मुद्दाम शोधून पाहिले. मला तरी तो दिसला नाही. हा लेखकाचा अपराध म्हणून मी सांगत नाही. विनोद आणि स्नेह ह्यांस एकजिनसी वर्ग सोयीचा असतो. मात्र शाळेच्या आठवणी म्हणजे गोड आठवणी, हे समीकरण मराठी वाचकाच्या मनात अशा लेखनामुळे इतके पक्के बसले, की दुसऱ्या प्रकारची आठवण आली म्हणजे तो तीस साहित्य न म्हणता तक्रार म्हणू लागला.

ज्या गोष्टी ह्या आत्मकथनकारांनी अनुभवाने लिहिल्या, त्या अमेरिकेत शास्त्र म्हणून अभ्यासिल्या गेल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ कोहेन ह्यांचा गटकार्यावरील प्रसिद्ध ग्रंथ १९८६ साली निघाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मुलांचे गट करून त्यांस एक काम दिले, म्हणजे समता आपोआप येत नाही. ज्यांची वर्गात किंवा वर्गाबाहेर प्रतिष्ठा आहे ती मुले अधिक बोलतात. बाकीची त्यांजकडून उत्तर येईल अशी वाट पाहतात. आणि जो अधिक बोलतो व काम हाताळतो तोच अधिक शिकतो. म्हणजे प्रतिष्ठेचे रूपांतर काही दिवसांनी ज्ञानात होते आणि मूळचा भेद आता गुणांचा भेद म्हणून दाखविता येतो. आपल्या देशातील एक प्रयोग ह्याच्या जोडीस ठेवावा. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे ह्यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांतल्या मुलांस कागदावरील चक्रव्यूह सोडविण्यास दिले. त्याचा वृत्तांत २००४ साली प्रसिद्ध झाला. मुलांची जात कोणी उच्चारली नव्हती तेव्हा वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांच्या कामात म्हणण्यासारखे अंतर नव्हते. सर्वांसमक्ष नाव आणि जात पुकारल्यावर खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांचे काम लक्षणीय रीतीने घसरले. मुले तीच, चक्रव्यूह तेच.

कोहेनबाईंनी उपायही सांगितला आहे. काम असे द्यावे की त्यास एकच एक कौशल्य पुरू नये. आणि मागे पडलेल्या मुलाने त्यात काही खरोखर मोलाचे केले, तर शिक्षकाने ते सर्वांसमोर, नेमके काय केले हे सांगून, नावाजावे. हा उपाय मला पटतो; पण कुमुद पावडे वाचलेल्या माणसास तो जरा भीतभीतच पटतो. आपल्याकडे सर्वांसमोर केलेले कौतुकही पाट वेगळा मांडण्याची एक रीत होऊ शकते. सारा भर ‘नेमके’ ह्या शब्दावर आहे. ‘तुझ्यासारख्या मुलाने हे केले!’ आणि ‘तू जे सांगितलेस त्याने हा अर्थ उलगडला’ ह्या दोन वाक्यांत जे अंतर आहे, ते शिक्षकास सांगून कळत नाही. मला ते कळावयास फार वर्षे लागली.

कारध्याची हकीकत त्यासाठीच सांगतो. वैनगंगेच्या ह्या काठास माझे घर, त्या काठास भंडारा. माझ्या वर्गात कुणबी, तेली, पोवार, कोष्टी, गोंड, बौद्ध आणि ढिवर अशा सर्वांची मुले असतात, आणि वर्गात आपण भेद करीत नाही अशी माझी मनापासून समजूत होती. प्रश्न विचारावा, हात वर येतील त्यांतून एकास बोलवावे, ही माझी पद्धत. एकदा सहज म्हणून एक महिनाभर हजेरीपटावर बोललेल्यांच्या नावांपुढे टिंब देत गेलो. महिना संपल्यावर पाहतो तो टिंबे तीच तीच पाच-सहा नावे धरून बसलेली. ती सारी मुले शुद्ध बोलणारी होती. ह्या झाडीपट्टीत ‘ण’ आणि ‘ळ’ लोकांच्या जिभेवर येत नाहीत. पाण्यास ‘पानी’ म्हणतात, डोळ्यास ‘डोरा’. ज्यांच्या घरी ही बोली सुटली आहे, त्यांचे हात वर येत. इतर मुले त्यांच्याकडे पाहत बसत; मी ज्यास लक्षपूर्वक ऐकणे समजत होतो, ते हेच पाहणे होते.

टिंबे पाहून मला एक जुना तास आठवला. सुमारे १५ वर्षांपूर्वी, वर उल्लेखिलेल्या आंबेडकरांच्या आठवणीच आम्ही वाचीत होतो. शाळेत नळ होता, इतर मुले तो उघडून पाणी पीत. ह्या मुलासाठी मात्र शिपायाने नळ उघडावा लागे, आणि शिपाई नसला म्हणजे पाणी नाही. ह्यात अपमान नेमका कोठे आहे, असा प्रश्न मी केला. आमच्याच गावचा, नदीकाठच्या ढिवरांच्या घरातील एक मुलगा मागच्या बाकावरून उठला. ‘पानी होतं सर, पन वाढनारा नव्हता,’ असे तो म्हणाला. पुढच्या बाकांवर हशा पिकला. मी हसलो नाही. ‘पाणी’, एवढेच मी सौम्य स्वरात दुरुस्त केले आणि दुसऱ्या हाताकडे वळलो. त्यानंतर पदवी मिळेपर्यंत तो वर्गात बोलला नाही. तो बुजरा आहे अशी मी मनाशी नोंद करून ठेवली होती. ही नोंद सोयीची होती.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेस महापूर आला. वर मध्य प्रदेशात संजय सरोवराचे पाणी सोडलेले, खाली गोसेखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडलेले. त्या रात्री पाणी आधी कोणत्या बोळात शिरेल, कोणते घर पहाटेपर्यंत टिकेल, हे गावास ज्या चारदोन माणसांनी सांगितले, त्यांत तो होता. आणि ‘पानी’ ह्या शब्दास तेथे कोणी हसले नाही. माझी पुस्तके माळ्यावर चढवावयासही तोच आला. पेट्या चढवून झाल्यावर मी त्यास तो तास आठवतो काय म्हणून विचारले. आठवत होता. रागाचे एक अक्षरही त्याच्या बोलण्यात नव्हते. आपले उत्तर बरोबर होते काय, एवढेच त्याने विचारले. बरोबर होते, त्या दिवशी वर्गात त्याहून चांगले उत्तर दुसरे आले नव्हते. ते मी त्यास सांगितले, माळ्याच्या शिडीशी, पंधरा वर्षांनी, आणि ऐकावयास वर्ग नव्हता.